मिश्रा गुर्जींवरची झडती

संस्कृती हा समाजाचा प्राण आहे आणि शाळा ही त्या प्राणाची रखवालदार आहे. हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा उच्चारले, बहुतेक वेळा माईक बंद पडलेला असताना. माईक चालू असे त्या दिवशी समोरची मंडळी जेवणाच्या मांडवाकडे बघत असत. तरी वाक्य वाया गेले असे म्हणता येणार नाही. अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात ते दरवर्षी कामाला आले.

मी जनशिक्षक होतो. हा शब्द महाराष्ट्रातल्या वाचकांना परका वाटेल, म्हणून सांगतो. आमच्या मध्य प्रदेशात काही शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि त्या शाळांमध्ये मोटरसायकलवर फिरणारा एक माणूस असतो. वरून आलेले आदेश तो खाली पोचवतो आणि खालून मिळालेली माहिती वर. मधल्या वेळात त्याने शिक्षकांना मार्गदर्शन करावे अशी अपेक्षा असते, पण मधला वेळ मिळत नाही. नावात जन आहे आणि शिक्षक आहे. काम पोस्टमनचे आहे.

माझे केंद्र सौंसरच्या बाजूला, बोरगावच्या पलीकडच्या गावांचे. कापूस, संत्री, आणि घरात मराठी. आमच्याकडची मराठी पुण्याच्या माणसाला हिंदी वाटते आणि भोपाळच्या माणसाला मराठी. शाळा मात्र हिंदी. पहिलीतले पोर घरून एक भाषा घेऊन येते, पुस्तकात त्याला दुसरी भेटते आणि या दोहोंमध्ये त्याला शिकवायला रीवा किंवा सतना इथून आलेला एखादा सज्जन गृहस्थ उभा असतो. बिचाऱ्याला नेमणुकीच्या दिवसापर्यंत आपल्याच प्रांतात असा मुलूख आहे याची कल्पना नसते. पोर सांगते, "सरजी, मी लिहून राहिलो." सरजी पहिला महिना हसतात, दुसऱ्या महिन्यात चिडतात आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच बायकोला फोनवर सांगतात, "मैं जेवण करके राहिलो."

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्याला नवे कार्यालय, नवे शिक्के आणि नवी संस्कृती यांची गरज पडली. पहिल्या दोन गोष्टी टप्प्याटप्प्याने आल्या. तिसरीसाठी प्रत्येक केंद्राने स्थानिक लोककलेचे एक पथक पाठवावे असा आदेश निघाला. आमच्या केंद्रातून जे पथक गेले त्याने राजस्थानी नाच केला. घागरे नागपूरहून भाड्याने आणले होते. मी त्या शाळेच्या बाईंना विचारले, "आपल्याकडचं काही नव्हतं का हो?" त्या म्हणाल्या, "आपल्याकडं काय आहे, सर? आपण तं साधे लोक."

साध्या लोकांकडे काय असते, ते मला पुढल्या पोळ्याला कळले.

पोळ्याच्या संध्याकाळी गावातल्या बैलजोड्या सजवून मारुतीसमोरच्या मैदानात आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभ्या करतात. आता जोड्या थोड्या आणि ट्रॅक्टर जास्त, म्हणून ट्रॅक्टरलाही बेगड लावून ओळीत उभे करतात. तेही मुकाट उभे राहतात. तोरण तुटण्याआधी झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचे तुकबंदीचे पद. एकाने मोठ्या आवाजात म्हणायचे, सगळ्यांनी शेवटी "हर हर महादेव" ओरडायचे आणि मग समोरच्या बाजूने त्याला उत्तर द्यायचे. देवापासून सुरुवात होते, पण देवावर फार वेळ कोणी थांबत नाही. लगेच गावावर येतात. कोणाची विहीर आटली, कोणी दुसऱ्याच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर नांगर घातला, कोणाचा जावई रुसला, हे सारे बैलांच्या साक्षीने जाहीर होते. ज्याच्यावर झडती होते त्याने हसायचे. रागावला तर पुढल्या वर्षी दुप्पट होते.

चिंचखेड्यात (गावाचे खरे नाव मी सांगत नाही, ते लोक अजून मला चहा पाजतात) झडत्या रचण्याचा मान झिंगरूजींकडे. संत्र्याचा बगीचा असलेला, भरघोस मिशांचा, आवाजाबद्दल आणि मिशांबद्दल सारखाच अभिमान बाळगणारा माणूस. वर्षभर त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नसे. भाद्रपद जवळ आला की बायाबापड्यासुद्धा त्यांच्याशी गोड बोलू लागत.

त्या वर्षी झिंगरूजींनी जी झडती म्हटली ती अशी:

शाळेतून घर्रघर्र आवाज येते काय?
कोनी म्हने चक्की, कोनी म्हने गाय!
चक्की नाई, गाय नाई, ऐका माह्या बाप्पा,
मिश्रा गुर्जी निजले, पोट्टे मारे गप्पा!

हर हर महादेव झाले. गाव हसून लोळले. कोणीतरी मोबाईलवर चित्रफीत काढली आणि ती गटागटांतून फिरत सौंसर करून पांढुर्ण्याला पोचली. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक, पाहायला गेलेली मंडळी जाम नदीच्या काठावर उभी राहून ही झडती ऐकत होती म्हणे. पोळ्यानंतर कार्यालय उघडले आणि मिश्राजींच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली: शाळेच्या वेळेत झोपल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये.

मिश्राजी म्हणजे चिंचखेड्याच्या प्राथमिक शाळेचे प्रधानपाठक, म्हणजे मुख्याध्यापक. रीव्याकडचे. कुटुंब तिकडे, हे इकडे अंगणवाडीच्या बाजूच्या खोलीत एकटे. लसूण-कांदा न खाणारे, मोटरसायकल ढकलत नेतानाही डोक्यावर हेल्मेट ठेवणारे, नियमाला फार जपणारे गृहस्थ. नोटीस वाचून ते आधी रडवेले झाले आणि मग त्यांनी नियमाप्रमाणे जे सुचले ते केले. पोलीस चौकीत जाऊन झिंगरूजींविरुद्ध बदनामीचा अर्ज दिला.

दुसऱ्या दिवशी गावाने शाळेला टाळे ठोकले.

वरून मला फोन आला: टाळे उघडवा, आणि चौकशी अधिकारी येतील त्यांच्याबरोबर राहा. मी गेलो तेव्हा शाळा भरलेली होती. टाळ्याच्या बाहेर, लिंबाखाली. अतिथी म्हणजे मानधनावरच्या शिक्षिका वंदनाताई, त्याच गावच्या सूनबाई, पोरांना वजाबाकी शिकवत होत्या. थोड्या अंतरावर खुर्ची टाकून मिश्राजी बसले होते आणि शाळेचे दुपारचे जेवण रांधणाऱ्या बचत गटाच्या बाया पोरांसाठी मांडलेल्या चुलीवरून त्यांना चहा आणून देत होत्या.

मी सरपंचबाईंना गाठले. रेखाबाई सरपंच स्वतः कारभार पाहतात, त्यांचे यजमान त्यांना भितात. असा सरपंच विरळा. मी म्हटले, "बाई, ज्याच्या शाळेला टाळं लावलं त्यालाच चहा?"

"टाळं शाळेले हाय जी. गुर्जीले थोडीच हाय."

"मग मागणी काय आहे तुमची?"

"अर्ज मागं घ्या म्हना. आमच्या गावात पोळ्याच्या झडतीवर पोलीस आला नाई कधी. झिंगरूभाऊ दोन दिस झाले जेवले नाई. मिश्या बी खाली पडून राहिल्या त्याइच्या."

मिश्राजींना मी खोलीवर भेटलो. ते ट्रंकेत कपडे भरत होते. म्हणाले, "सर, मेरी पूरी नौकरी में एक दाग नहीं है। अब बैलों के सामने लग गया।" नोटीस कायम झाली तर वेतनवाढ थांबणार, पुढे नोकरीही धोक्यात येणार आणि रीव्याला बदलीसाठी लावलेला अर्ज तर कोणी उघडणारही नव्हते. मी त्यांना समजावले की झडती म्हणजे बदनामी नव्हे, झडती हा इथला मान आहे. त्यांनी ट्रंकेत आणखी एक सदरा दाबून बसवला. मग म्हणाले, "आपके यहाँ मान ऐसा होता है, तो अपमान कैसा होता होगा?"

संस्कृतीवरची माझी सगळी भाषणे मिळून या एका प्रश्नाला पुरली नसती.

चौकशी अधिकारी आले ते शहरातले, हिंदी बोलणारे, स्वच्छ बुटांचे आणि तसे सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून मी दुभाष्या. त्यांनी आधी पुरावा मागितला. पुरावा म्हणजे ती झडती. प्रकरणात लावायची तर तिचे शासकीय हिंदीत भाषांतर हवे. ते मी लिंबाखाली बसून केले. माझ्या हातून निघालेल्या लेखनात इतके काळजीपूर्वक दुसरे काही नाही: "विद्यालय भवन से घर्घर ध्वनि प्रसारित होती है। कतिपय ग्रामवासियों के मतानुसार उक्त ध्वनि आटा चक्की की है, कतिपय के मतानुसार गाय की।"

साहेबांनी वाचले. चष्मा काढला, पुन्हा लावला. "गाय की भी जाँच करनी पड़ेगी?"

मी म्हटले, तिसऱ्या ओळीत गाय निर्दोष ठरते.

मग झिंगरूजींना बोलावले. ते धुतलेला सदरा घालून आले होते. मिशांना त्या दिवशी परत पीळ होता. प्रेक्षक जमले की त्यांची तब्येत सुधारत असे. अख्खे गाव भोवती उभे होते. मिश्राजी मात्र समोर आले नाहीत. ते हेल्मेट हातात धरून व्हरांड्याच्या खांबाआड उभे राहून ऐकत होते.

साहेबांनी विचारले, मी विचारले: "गुरुजी शाळेत झोपतात हे तुम्ही पाहिलं?"

"मी झडती म्हनली जी."

"म्हणजे ते खरं नाही?"

झिंगरूजी ताठ झाले. "माही झडती खोटी? मले खोटं म्हनता? माह्या बापानं इथं झडत्या म्हनल्या, मी म्हनून राहिलो. आज मी माही झडती खोटी म्हनून सही देल्ली तं पुढच्या पोळ्याले मी बैलाइले तोंड कोनतं दाखवू?"

"मग खरं आहे?"

"असं बी कुठं म्हनलं?"

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर केले, पण ते हिंदीतही तसेच राहिले. साहेबांनी टेबलावर बोट आपटून एक प्रश्न विचारला आणि तो मीही तसाच आवाज चढवून मराठीत विचारला: हो की नाही?

झिंगरूजी म्हणाले, "साहेब, मी बैलापुढं बोललो. कागदावर तुम्ही घेतलं. आता कागदाचं तुम्हीच पाहा."

यावर गर्दीत खसखस पिकली. प्रकरण हातचे जाते असे मला वाटू लागले, कारण सोपे उत्तर एकच होते, झडती खोटी आहे म्हणून लिहून द्यायचे आणि गुरुजींना सोडवायचे, आणि ते उत्तर झिंगरूजी देणार नव्हते. गुरुजींची नोकरी एकीकडे आणि त्यांची झडती एकीकडे. ते काही दुष्टावा करत नव्हते. दोन्हींपैकी एक निवडायला लावले म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मी जवळून पाहिले.

तेव्हा रेखाबाई पुढे आल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "साहेब, माही बी चौकशी करा."

"आपकी क्यों?"

"त्याच दिशी माह्यावर बी झडती झाली. म्हना हो झिंगरूभाऊ."

झिंगरूजींनी सदरा नीट केला आणि म्हटली:

नाल्यावरचा रपटा कुठं गेला बाई?
सरपंचाच्या पोटात, ढेकर आला नाई!

लोक सवयीने "हर हर महादेव" ओरडले. साहेब दचकले. मी भाषांतर सांगितले: सरपंच महोदयांनी नाल्यावरचा पूल गिळल्याचा आरोप आहे.

"पूल नाई जी," रेखाबाई म्हणाल्या. "रपटा. पावसात पान्याखाली जाते तो. पूल तं अजून मंजूर नाई झाला."

"और यह आरोप आपको स्वीकार है?"

"स्वीकार नसाले काय झालं? पोळ्याले सगळ्यांपुढं हसली ना मी. आता माह्या पोटाची तपासणी कराची असंन तं करा. अन् ते झाल्यावर याच झिंगरूभाऊची करा, याइनं भावाच्या वाट्याची संत्री बी विकून खाल्ली म्हनून याइच्या भावानं झडतीत म्हनलं. अन् मंग दुकानदार हाय, मंग पोलीस पाटील हाय. आज होत नाई साहेब एवढं. मुक्काम करा लागंन तुमाले. जेवन सांगू का?"

साहेबांनी पेन खाली ठेवले. ते हसले की नाही हे सांगता येत नाही, पण त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मग जरा सावरून, जाता जाता विचारावे तसे त्यांनी झिंगरूजींना विचारले, "मुझ पर भी बनाओगे क्या, अगले साल?"

मी मराठीत विचारले. झिंगरूजींना प्रश्नाचे नवल वाटले.

"तुमच्यावर कायले, साहेब? तुम्ही कुठं आमचे? बाहेरच्या मानसावर झडती नसते. कोन ओळखते तुमाले?" मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे सरजी पाहा. किती वर्सं झाले गावात येऊन राहिले. चहा पेते, सही घेते, जाते. याइच्यावर कधी झाली का एक तरी?"

साहेबांनी मला विचारले, "क्या कह रहा है?"

हेही भाषांतर मलाच करायचे होते. मी केले. शब्दाला शब्द. नोकरीत मी बरेच काही गाळून वर पाठवले आहे, ते वाक्य गाळले नाही. ते खरे होते, आणि मला ते त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते.

खांबाआडून मिश्राजी बाहेर आले. गर्दीने वाट दिली. ते झिंगरूजींच्या समोर उभे राहिले आणि मराठीत, म्हणजे त्यांना येत होती तेवढ्या मराठीत म्हणाले, "मंग माझ्यावर काऊन?"

"तुमच्यावर नाई म्हनू तं कोनावर म्हनू, गुर्जी? तुम्ही गावात राहता. तुमच्या भाजीत लसून नसते हे आख्ख्या गावाले ठाऊक. माह्या नातीले ताप आला तं तुम्ही गाडीवर बोरगावले नेली. हेल्मेट तिच्या डोक्यात घातलं अन् सोता उघड्या डोक्यानं गेले. पहिले दोन पोळे मी थांबलो. म्हनलं, मानूस नवा हाय, कच्चा हाय. औंदा म्हनलं, आता झाले आपले."

मिश्राजींनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. मग दुखावल्या आवाजात एवढेच विचारले, "लेकिन चक्की जैसा?"

"गायीवानी बी, गुर्जी," रेखाबाई म्हणाल्या, आणि लिंबाखाली बसलेली पोरे आधी हसली, मग सगळे.

मिश्राजींनी त्याच संध्याकाळी चौकीतून अर्ज मागे घेतला. टाळे उघडले. चौकशीचा निष्कर्ष साहेबांनी स्वतः लिहिला: सदर पद हे मौखिक परंपरेचा भाग असून पुराव्यास पात्र नाही, प्रकरण बंद करण्यात येते. जीपमध्ये बसताना त्यांनी काच खाली केली आणि मला हळूच विचारले, "आप पर सच में एक भी नहीं बनी?" मी नाही म्हटले. ते म्हणाले, "अच्छा," आणि त्या एका शब्दात जी सहानुभूती होती ती मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाली नाही.

पुढे जिल्ह्यात शिक्षकांसाठी कार्यशाळा झाली. विषय, समुदाय, संस्कृती आणि शाळा. वक्ता मी. मी ही हकिगत सांगितली. सभागृह शांतपणे ऐकत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका तरुण शिक्षकाने हात वर केला आणि प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारले.

आता निवृत्त झाल्यावर मी कधी कधी विचार करतो, की परक्या मुलखात नोकरीला गेलेल्या माणसाला आपण काय शिकवून पाठवतो? हजेरी, पगारपत्रक, रजेचे नियम. आपल्यावर हसणारे गाव आपल्याला हाकलत नसून आत घेत असू शकते, हे कोणत्या प्रशिक्षणात बसवायचे? आणि गावाला तरी कोण सांगणार, की मैदानात म्हटलेली ओळ मोबाईलमधून बाहेर पडली की तिच्याभोवतीचे मैदान मागेच राहते आणि कार्यालयात नुसती ओळ पोचते? गावाने आणि मिश्राजींनी, दोघांनीही आपापल्या परीने बरोबर तेच केले होते आणि त्यात एका माणसाची नोकरी जात होती. रेखाबाईंनी स्वतःच्या पोटाची तपासणी मागितली नसती तर गेलीही असती. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवण्यापलीकडे माणसांना एकमेकांबद्दल पुष्कळ काही ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यालाच बहुधा आपण मोठ्या समारंभांत संस्कृती म्हणतो.

मिश्राजी अजून चिंचखेड्यातच आहेत. जेवणानंतर अर्धा तास झोपतात. तेवढ्या वेळात पोरे पाढे हळू आवाजात म्हणतात.